फक्त दारूचं लिहा

शीलाताई गजभिये म्हणजे नाकासमोर चालणारी बाई. नागपुरात नर्स होती. नवऱ्यापाठोपाठ अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगला आली आणि चाळिशीत पुन्हा पुस्तकं उघडून तिने समुपदेशकाचं लायसन्स काढलं. "अरे बापा, या वयात परीक्षा!" म्हणत रडली, पण पास झाली. गेली नऊ वर्षं ती बेघरांसाठीच्या एका घरात काम करते. रस्त्यावरून आलेल्या माणसाला इथे दोन वर्षं खोली मिळते, आणि दारू सोडवणारे अन् मनाचा आजार बघणारे डॉक्टर त्याच छपराखाली असतात. बाकी ठिकाणी दारूवाले म्हणतात, आधी डोकं नीट करून या. डोकंवाले म्हणतात, आधी दारू सोडून या. टोलवाटोलवीत माणूस मरतो बिचारा! म्हणून या घराचा तिला भारी अभिमान. आणि नेमकी तिथेच तिने माती खाल्ली.

केदार मार्चमध्ये आला. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. नोकरी गेली, संसार मोडला, पाच महिने गाडीत झोपत होता. मराठी कानावर पडताच तो हमसून हमसून रडला. फॉर्म भरताना तो बोलून गेला, की चार वर्षं भिंतीतून माणसं बोलतात. मग एकदम दचकला.

"ताई, प्लीज, फक्त दारूचं लिहा. डोक्याचं लिहिलं तर हिमानी नेत्राला कधीच भेटू देणार नाही. आत्ताच कोर्टाने भेटी थांबवल्यात."

हिमानी त्याची घटस्फोटित बायको, नेत्रा आठ वर्षांची मुलगी. दोघी जवळच्याच फ्रिस्को गावी राहतात.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं. दारू पितो म्हटलं तर लोक हळहळतात, डोक्याचं म्हटलं की दार लावतात. शीलाताईने मानसिक आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर लिहिलं असतं का? छे! आपला पोरगा म्हणून लिहिलं.

दारू सुटली. चाळीस दिवस थेंब नाही. पण दारूने जे दाबून ठेवलं होतं ते आता उसळून वर आलं. केदार झोपेना, जेवताना ताटावरून उठून जाऊ लागला. "काहून असा जीव जाळतो रे? चल ना डॉक्टरकडे," शीलाताई विनवायची. तो म्हणायचा, "तुम्ही शब्द दिलाय, ताई." दारू सोडणाऱ्यांच्या गटात बसून तो दारूवर बोलत होता, आजार डोक्यात वाढत होता. आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी!

एका मंगळवारी सकाळी त्याने छतावरचा धुराचा अलार्म उपटला आणि बादलीत बुडवला. माणसं आता त्यातून बोलत होती. घराचा नियम कडक: अलार्मला मुद्दाम हात लावला की त्याच दिवशी बाहेर. मॅनेजर ग्लोरियाने लघवीची तपासणी करवली. त्यात काहीच निघालं नाही.

"नशा नाही, फाइलमध्ये आजार नाही. म्हणजे मुद्दाम केलंय," ती म्हणाली. "दुपारपर्यंत खोली रिकामी करा."

केदार मान खाली घालून बॅग भरायला निघाला. तोंड उघडावं तर लायसन्स जाणार, गप्प बसावं तर हा पुन्हा गाडीत, आणि या अवस्थेत. शीलाताई ग्लोरियासमोर जाऊन उभी राहिली.

"फाइल खोटी आहे," ती म्हणाली. "हा आजारी आहे. मला माहीत होतं. मी लपवलं."

केदार तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्हीसुद्धा, ताई?"

खोली वाचली. डॉक्टरांनी औषधं सुरू केली. शीलाताईची चौकशी लागली, केदारची फाइल दुसऱ्या बाईकडे गेली, आणि जिन्यात भेटला तरी तो तोंड फिरवू लागला. तिला फार लागलं ते.

तीन आठवड्यांनी तो आपणहून आला, नव्या समुपदेशक बाईंना घेऊन. आजाराची माहिती हिमानीला द्यायला हरकत नाही, अशा परवानगीच्या कागदावर त्याने सही केली होती. "हिमानीला फोन लावा. तुम्हीच सांगा. माझ्याने नाही होणार."

शीलाताईने स्पीकर लावला आणि आजार, औषधं, सगळं सांगितलं.

"ताई, कोर्टात मी तेवढंच तर मागत होते," हिमानी म्हणाली. "ट्रीटमेंट सुरू कर आणि ये मुलीला भेटायला. वकिलाची पत्रं याने उघडलीसुद्धा नाहीत. केदार, ऐकतोयस ना? रविवारी आणू तिला?"

शीलाताईने तोंडाला पदर लावला. केदारने भिंतीकडे पाहिलं, मग फोनकडे.

"नको," तो म्हणाला. "अजून ऐकू येतं मला. कमी झालं की मीच सांगेन. तोवर नेत्राला खरं सांग, बाबा आजारी आहे म्हणून."