जीपमधला सर्व्हर

भूतबीत मी मानत नाही, हे आधीच सांगते. आमच्या घरात अंगारा-धुपारा कधी शिरलाच नाही, आणि हिंगोलीत माझं सर्व्हर दुरुस्तीचं दुकान आहे. बिघाड आहे म्हणजे कारण असणारच, एवढंच मला कळतं. तरी लिहून काढतेय, कारण नवऱ्याला सांगितलं तर तो नुसता हसतो.

शिरड शहापूरच्या एका कॉलेजात मी बसवलेला सर्व्हर आहे. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर रिमोट डेस्कटॉपने त्याच्यावरच चालतात, म्हणजे तो अडला की सगळेच अडले. बारावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी प्राचार्यबाईंचा फोन — "अगं, कुणालाच आत घेईना! लायसन्स संपलं म्हणतंय. पोरांची हॉल तिकिटं आतच अडकली!" हॉल तिकीट नाही तर पोरगं उद्या गेटाबाहेर. आणि लायसन्सची मुदत मीच विसरले होते.

सकाळभर माझा फोन हेल्पलाइनवर. साडेबाराला नवं लायसन्स मिळालं, दुकानातूनच नेटवरून ॲडमिन म्हणून सर्व्हरमध्ये शिरले; ॲडमिनला लायसन्सची आडकाठी नसते. मधूनच स्क्रीन थरथरायची. नेट असेल, म्हटलं. एक वाजून पाच मिनिटांनी लायसन्स बसलं, लगेच कॉलेजच्या प्रिंटरवर हॉल तिकिटांची प्रिंट सोडली. बाईंचा फोन — "निघाली गं माय, निघाली! सह्या करून वाटून राहिले." हुश्श! मी निवांत डबा उघडला.

दोन वाजता दुकानाच्या दारात काळी-पिवळी जीप थांबली. कॉलेजचे क्लार्क गणपतमामा उतरले. कडेवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी, लेकरू धरावं तसं.

"मामा, हे काय?"

"सर्व्हर."

"काहून?"

"तुमी फोन उचलून न्हाई राहिल्या. मोटर जळली की आमी हिंगोलीलाच आणतो ना भरायला? बाराची घंटा झाली तवा वायरी काढल्या आन् निघालो. औंढ्याकडं खड्ड्यात लई हादरला बिचारा, पण मांडीवरून खाली ठेवला न्हाई."

मी डबा झाकला. बाईंना फोन लावला. त्या मागच्या खोलीत बघून आल्या — "अगं बाई… इथं नुसत्या वायरी लोंबकळून राहिल्या!"

सर्व्हर सुरू करून आतल्या नोंदी पाहिल्या. बाराला बंद. सव्वादोनला चालू. आणि मधे एकच ओळ — एक वाजून पाच मिनिटं, लायसन्स बसलं. कॉलेजात दुसरा सर्व्हर नाही. जीपच्या ड्रायव्हरलाही विचारलं, मामा म्हणतात तेच बराबर.

पोरं पेपरला बसली, सगळीच्या सगळी. सर्व्हर हिंगोलीला नेऊन आणला म्हणून गावात नाव झालं मामांचं! मी मात्र अजून त्या ओळीकडे बघत बसते.

मागच्या आठवड्यात पुन्हा तीच एरर. मुदत शिल्लक, सगळं जागेवर, दोन तास डोकं फोडलं, तरी काही होईना. पोरांचे दाखले अडकलेले. शेवटी मामांचा फोन आला.

"मॅडम, जीप उभी हाय. आणू का?"

मी मागे वळून पाहिलं. नवरा दुकानात नव्हता.

"आणा," हळूच म्हणाले. "आणि मामा… गोधडी तीच घ्या बरं."