अंगठी, काळा दगड आणि मरोळची भट्टी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव सांगेन: कुसुम लांजेवार बाई. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी त्या भूगोल शिकवत. सहावीत असताना 'महाराष्ट्राचा दगड' दाखवायला मी नकाशाचं अख्खं राज्य पेन्सिलीने काळं करून टाकलं होतं. बाईंनी खोडरबर घेतलं आणि पूर्वेकडचा कोपरा पुसून काढला.

"दिनेश, लाव्ह्याचा काळा दगड इथपर्यंत आलाच नाही. हा कोपरा वेगळा आहे, आणि तुझं घर याच कोपऱ्यात आहे. सध्या कोरा ठेव. मोठा झालास की यात काय भरायचं ते तू शोध."

माझे बाबा भाताच्या गिरणीत पोती उचलायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. कॉलेजचा फॉर्म बाईंनी भरला, नागपूरला पोहोचवायलाही त्याच आल्या. मी भूगर्भशास्त्राची पदवी घेतली आणि सोन्याचा शोध घेणाऱ्या एका लहान कंपनीत लागलो, तेव्हा बाईंनी आपल्या मोडक्या कानातल्याची एक बारीक अंगठी करून माझ्या बोटात घातली. "काढू नकोस," म्हणाल्या.

गेल्या फेब्रुवारीत मला मुंबईला जावं लागलं ते या अंगठीमुळे.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. सोन्याचे नमुने हाताळणाऱ्याने अंगावर सोनं ठेवायचं नाही. अंगठी, साखळी, कानातलं, सगळं नमुन्यांच्या शेडच्या दाराबाहेर. अंगठीचा एक ओरखडा दगडावर उमटला तरी तपासणीत तो सोनं म्हणूनच दिसतो, आणि लोक म्हणतात की दगडात सोनं मुद्दाम मिसळलं. माझी अंगठी निघत नव्हती, म्हणून मी तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळायचो. आम्ही सोनं शोधत होतो त्या टेकडीवरच्या सातव्या बोअरचा कोअर (यंत्राने जमिनीतून काढलेला दगडाचा दंडगोल) करवतीने उभा चिरला, त्या दिवशी संध्याकाळी हात धुताना पाहिलं, तर पट्टी कुठेच नव्हती. करवतीच्या पाण्यात कधी गळून गेली, कळलंच नाही. मी कुणाला काही बोललो नाही.

महिन्याभराने मुंबईच्या प्रयोगशाळेतून निकाल आला. सातव्या बोअरमध्ये सोनं भरपूर. पण त्याच पुडक्यांत आम्ही एक कोरा नमुना घातला होता. कोरा नमुना म्हणजे ज्यात सोनं असूच शकत नाही असा साधा काळा दगड, प्रयोगशाळेची परीक्षा घेण्यासाठी. त्यातही सोनं दिसलं. तो दगड हातोडीने मीच फोडला होता, त्याच हाताने.

आमचे साहेब म्हणाले, "उरलेला अर्धा कोअर घेऊन स्वतः जा. समोर उभा राहून तपासून घे. यात खोट निघाली तर ही टेकडी आपण सोडली." आणि मी निघालो तेव्हा पुन्हा म्हणाले, "सोडली म्हणजे कायमची."

दोन पत्र्याच्या पेट्या घेऊन मी खासगी बसने निघालो आणि सकाळी मुलुंड चेकनाक्याला उतरलो. मुंबईचं पहिलं दर्शन म्हणजे माझ्या पेट्यांकडे संशयाने बघणारे चार रिक्षावाले. पाचवा तयार झाला.

"पेटीत काय रे?"

"दगड."

"गावावरनं मुंबईत दगड आणलास? इथले संपले काय?"

भांडुप, कांजूरपर्यंत ठीक चाललं. पवईच्या चढावर मात्र रिक्षा धापा टाकायला लागली. त्याने ती बाजूला घेतली. "एक काम कर यार. दगड बसू दे, तू चाल." मी खरोखरच रिक्षाच्या मागे मागे चाललो. डावीकडे डोंगराची कड, समोर काचेच्या इमारती, आणि माझ्यापुढे माझ्या पेट्या रिक्षातून आरामात चाललेल्या. चढ संपल्यावर तो थांबला, मला आत घेतलं आणि साकीनाक्याच्या गर्दीतून वाट काढत मरोळच्या औद्योगिक वसाहतीत प्रयोगशाळेच्या दारात सोडलं. "दगडांची काळजी घे," म्हणाला आणि हसत गेला.

दाराशी भिंतीवर खिळ्यांची एक ओळ होती. एका खिळ्याला मंगळसूत्र, एकाला साखळी, एकाला बाळ्या. इथेही तोच नियम, आणि तो पाळणारी माणसं.

भट्टीवर परब काका होते. वडील लालबागच्या गिरणीत, स्वतः तीस वर्षं या भट्टीवर. मूळ गाव मालवणकडे. त्यांनी एका हाताने माझी पेटी उचलली आणि विचारलं, "खयसून इलंस (कुठून आलास)?"

"भंडाऱ्याहून."

"एवढ्या लांबसून? मग आधी च्या घे. दगड खय पळान जाणत नाय."

मुख्य केमिस्ट वर्तक मॅडम आल्या. मुलुंडच्या जुन्या रहिवासी, बोलणं रोखठोक. त्यांनी पेट्यांवरचं सील पाहिलं आणि मग माझ्या हाताकडे. मी चहाचा कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. अंगठी, पट्टी, पाणी, आणि महिनाभराचं माझं गप्प राहणं. हे शब्द मी बसमध्ये रात्रभर घोळवले होते.

मॅडमनी विचारलं, "तुझ्या साहेबांना माहीत आहे?"

"नाही."

"आधी फोन कर. मग मी पेटी उघडते."

मी बाहेर जिन्यावर जाऊन फोन केला. साहेब एवढंच म्हणाले, "हे महिन्याभरापूर्वी सांगायचं होतंस." आणि मग, "निकाल येऊ दे." नोकरी राहिली की गेली, ते त्यांनी सांगितलं नाही.

परत आलो तर परब काका साबण आणि दोरा घेऊन बसले होते. त्यांनी दोरा अंगठीखालून ओढला, बोटावर घट्ट गुंडाळला आणि दुसरं टोक उलगडत अंगठी हळूहळू वर सरकवली. "ओरडा नको हां. लग्नातल्या अंगठ्ये काढलेत मी, तुझी काय!" अंगठी निघाली. बोटाला पांढरं वळं पडलं होतं. ती मी खिळ्याला अडकवली.

"बघ," शेजारचं मंगळसूत्र दाखवत मॅडम म्हणाल्या, "हे माझं. वीस वर्षं रोज इथे टांगते. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही."

मग त्यांनी काय करायचं ते ठरवलं. अंगठी घासली गेली असेल तर ती दगडाच्या बाहेरच्या अंगाला. म्हणून कोअरची चारही बाजूंची साल करवतीने काढून टाकायची आणि फक्त आतला गाभा तपासायचा. "जिथे तुझा हात पोचलाच नाही, तिथला दगड सांगेल," त्या म्हणाल्या. कोऱ्या नमुन्याचे उरलेले तुकडेही मी आणले होते. माझ्याच हाताने फोडलेले ते तुकडे मात्र न धुता, आहेत तसे तपासायचे. त्यांत सोनं निघालं तर अंगठी दोषी.

निकालाला दुसऱ्या दिवसाची दुपार होणार होती. माझी राहण्याची सोय परब काकांनी स्वतःच्या घरी केली, अंधेरीला. सकाळी काकूंनी आंबोळ्या (तांदूळ-उडदाच्या आंबवलेल्या पिठाचे जाळीदार घावन) आणि नारळ वाटून केलेलं काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं. आमच्याकडे इतका नारळ दिवाळीलाही लागत नाही. मी चार खाल्ल्या.

भट्टीची पाळी दुपारची होती, म्हणून काका मला गिल्बर्ट हिल दाखवायला घेऊन गेले. गल्लीतून वळलो आणि इमारतींच्या मधोमध काळ्या खांबांची ती भिंत एकदम समोर आली. दगडाचे उभे, कोनदार खांब एकमेकांना चिकटून सरळ आभाळाकडे गेलेले. खाली पत्र्याची घरं, वाळत घातलेले कपडे, वर देवीचं देऊळ. पाठ्यपुस्तकात ज्याचं चित्र पाहिलं होतं तो हा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. मी नकाशावर काळं केलं होतं ते हेच, आणि माझा कोरा नमुनाही याच जातीचा.

पायऱ्या चढताना काकांनी विचारलं, "ह्यात सोना नाय?"

"नाही. हा दगड एकदाच वितळून वाहिला आणि गोठला. आमचा दगड याच्या कितीतरी पटींनी जुना आहे. तो दाबला गेला, दुमडला, त्याला भेगा पडल्या. खोलातलं कढत पाणी त्या भेगांतून वर आलं. त्या पाण्यात थोडं सोनं विरघळलेलं होतं. पाणी निवलं तसा भेगेत पांढरा गारगोटीचा दगड भरत गेला, आणि त्यात सोनं अडकलं. त्याच्याबरोबर एक राखाडी खनिज असतं. त्यावर हातोडी मारली की लसणाचा वास येतो."

"लसणीचो? मग फोडणीक होयत (फोडणीला चालेल)." काका थांबले. "पण इतकी वर्षा ता कोणाक दिसला नाय?"

दिसलं होतं. मी त्यांना आमच्या टेकडीची गोष्ट सांगितली. पायथ्याच्या नाल्यात सोनझारी बायका पिढ्यान्‌पिढ्या लाकडी परातीत वाळू धूत आल्या आहेत. दिवसभर धुऊन तळाशी पिवळे चार कण. सोनं कुठून येतं ते त्यांना ठाऊक होतं. नाल्याच्या वर, टेकडीकडे त्या बोट दाखवायच्या. पुढे एक सरकारी भूशास्त्रज्ञ आले. त्यांनी टेकडीवर आडवे चर खणले, गारगोटीची शीर शोधली आणि अहवालात लिहिलं की ती खाली जाते आहे, खोल बोअर मारून पाहावं. बोअर मारायला तेव्हा कुणी आलं नाही. अहवाल कपाटात राहिला, चरांत बोरी उगवल्या. आमच्या कंपनीने तो अहवाल वाचला आणि यंत्र आणलं. पहिल्या सहा बोअरमध्ये शीर हुकली किंवा नुसती पांढरी लागली. सातव्यात लागली. आणि सातव्याच्या वेळी माझ्या बोटावर पट्टी नव्हती.

"म्हणजे तुझ्या चुकीमुळे त्या बायका खोट्या पडतले," काका म्हणाले.

ते टोचून बोलले नव्हते, तरी लागलं. मी नोकरीचाच विचार करत होतो. वर देवळापाशी पोचलो. खाली अंधेरी पसरलेली, दूर विमान उतरत होतं. काकांनी देवीला हात जोडले. मीही जोडले. काय मागावं ते सुचलं नाही. शेवटी म्हटलं, जे असेल ते खरं निघू दे.

दुपारी भट्टीसमोर उभा राहिलो. दगडाची पूड शिशाच्या भस्मात मिसळून मातीच्या मुशीत घातली होती. काकांनी लांब चिमट्याने मूस बाहेर काढली आणि लाल रस साच्यात ओतला. सोनं शिशात उतरतं आणि तळाशी शिशाची गोळी बसते. ती गोळी हाडांच्या राखेच्या वाटीत ठेवून पुन्हा भट्टीत. राख शिसं पिऊन टाकते. उरलं तर फक्त सोन्या-चांदीचा मणी उरतो.

आधी कोऱ्या नमुन्याच्या वाट्या आल्या. तीन. मॅडमनी भिंगाखाली धरल्या. "काही नाही. हीसुद्धा कोरी. तिसरीही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या अंगठीने यांत काही सोडलेलं नाही."

मग त्यांनी जुनं रजिस्टर उघडलं आणि बोटाने ओळी मोजत खाली आल्या. एका ओळीवर बोट थांबलं. मागच्या वेळी कोरा नमुना सातव्या बोअरच्या शिरेच्या लगेच मागे दळला होता. दोहोंच्या मध्ये चक्की स्वच्छ वाळूने धुवायची असते. त्या रकान्यात खूण नव्हती.

"चूक आमची," त्या म्हणाल्या. "शिरेतलं सोनं चक्कीला चिकटून राहिलं आणि तुझ्या काळ्या दगडात आलं. तसं मी लेखी देते."

आता शेवटची वाटी, कोअरच्या आतल्या गाभ्याची. काकांनी ती माझ्यासमोरच ठेवली. राखेच्या मधोमध मोहरीहून बारीक एक मणी चमकत होता. चांदी विरघळवून, वजन करून आकडा आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "पहिल्यापेक्षा जरा कमी. पण आहे. आतलं आहे."

मी खुर्चीवर बसलो. काकांनी पाठीवर थाप मारली. "वाट लागली म्हणून इलंस, आता हस तरी!"

साहेबांना फोन करून निकाल सांगितला, दाराशी असलेल्या खिळ्यांचंही सांगितलं. ते म्हणाले, "आठवा बोअर सोमवारी सुरू करतोय. तू शेडमध्ये हवास. आणि पहिला खिळा तूच ठोक." निघताना दारावरच्या खिळ्यावरून मी अंगठी घेतली, पण बोटात घातली नाही. खिशात ठेवली.

परतीची बस रात्री मुलुंडहून सुटली. पहाटे डोळे उघडले तेव्हा बाहेर अजून काळी जमीन होती. नागपूर मागे पडलं आणि ती तांबूस, मग पिवळट झाली. आमचा कोपरा सुरू झाला होता. गावी पोचल्यावर बाईंना पत्र लिहिलं. तेच इथे देऊन थांबतो.

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार. तुम्ही अंगठी काढू नकोस म्हणाला होतात. मी ती काढली. सोन्याचं काम करताना अंगावर सोनं चालत नाही, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. त्या न सांगण्यामुळे एक टेकडी जवळजवळ गेली होती. आता कामाच्या दिवशी अंगठी शेडबाहेरच्या खिळ्याला असते. रविवारी करंगळीत असते, तिथून ती सहज निघते.

टेकडीत सोनं आहे, बाई. थोडं आहे, खाण होईल की नाही ते अजून सांगता येत नाही, पण आहे ते दगडाच्या आतलं आहे. मुंबईत मी तुमचा काळा दगड पाहिला, इमारतींमध्ये उभा. फार सुंदर आहे. त्याच्यात काही नव्हतं म्हणून मी सुटलो.

नाल्यावरच्या सोनझारी बायकांना मी निकाल सांगायला गेलो होतो. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "आमाले मालूम होतं. तुले कोन्तं नवं सांगाचं हाय?"

सहावीचा तो नकाशा तुमच्या कपाटात असेल तर फेकू नका. पुढच्या रविवारी पेन्सिल घेऊन येतो. फार रंगवणार नाही. त्या कोऱ्या कोपऱ्यात एक बारीक रेघ ओढायची आहे.

तुमचा विद्यार्थी,
दिनेश