मागच्या बँडचा ढोल

अकोल्याच्या देवरावच्या बँडमध्ये नऊ वाजवणारे होते, आणि खरं सांगायचं तर त्यातले आठ जण शेषरावच्या जिवावर उड्या मारत होते. देवराव क्लॅरनेट फुंकायचा, बँड त्याच्या नावाचा. पण लय शेषरावच्या मोठ्या ढोलाची. "एक डाव घड्याळ बिघडन, पन शेषराव बिघडनार नाई," असं देवराव गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगायचा.

आता त्या न बिघडण्याचं कारण ऐका. शेषरावला ऐकूच येत नव्हतं!

एकोणसाठ साली उजवा कान गेला, वर्षभरात डावाही. इतरांची लय ढळते ती दुसऱ्याचं ऐकून. याला काही ऐकूच येत नाही तर ढळणार कशानं? ढोल पोटावर बांधला की ठोका आतड्यात समजायचा, आणि गत कुठं संपते ते देवरावच्या बोटांवरून. बाकी सगळे याच्या ठोक्यावर चालायचे, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. कुणी बोललं की हा हसून मान हलवायचा. लोक म्हणायचे, शेषराव भलताच शहाणा झाला, उलट बोलतच नाही. ठाऊक होतं ते एकट्या पंचफुलाला, त्याच्या बायकोला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ती गप्प होती.

पातूरकडच्या गावात त्याचा बाप डफडं वाजवायचा. गावानं हाक मारली की जायचं, वाजवायचं आणि शिळंपाकं पदरात घेऊन यायचं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर शेषरावनं ते डफडं स्वतःच्या हातानं चुलीत घातलं आणि अकोला गाठलं. इथं पितळी बटणांचा लाल कोट मिळाला, ठरलेला पगार मिळाला, आणि लग्नघरी चहा प्यायला खुर्ची मिळाली. कोट गेला तर पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायचं, हीच त्याला धास्ती. बहिरा ढोलवाला कोण ठेवून घेतो हो?

बासष्टच्या उन्हाळ्यात मोरोपंत वकिलांच्या मुलीचं लग्न निघालं. वऱ्हाड शेंदूरजनाघाटचं, संत्र्याच्या व्यापाऱ्याचं. त्यांनी अमरावतीचा बँड सोबत आणला. वकिलांना हौस दांडगी. म्हणाले, वरातीत अमरावतीचा बँड पुढं, अकोल्याचा मागं, मधे नवरदेवाची उघडी मोटार, आणि दोन्ही बँडांनी एकच गत एकदम वाजवायची. बोलायला काय जातं!

सकाळी शाळेच्या मैदानावर सराव झाला. पन्नास पावलांवर दोन बँड उभे राहिले. अमरावतीचा ढोल खुशालरावकडे होता. हा मूळचा पातूरचा, आणि ढोल शिकला तो शेषरावच्याच हाताखाली. गत सुरू झाली आणि सगळा विचका. मागचा आवाज पुढं उशिरा पोचायचा, म्हणून पुढचे रेंगाळायचे; ते ऐकून मागचे आणखी रेंगाळायचे. एकटा शेषराव आपला सरळ वाजवत राहिला.

देवराव तणतणत समोर आला, म्हणून ओठ तरी दिसले. "शेषराव, त्यायचं आयकून काहून नाई वाजवत?"

"त्यायनं माह्यावर चालावं ना मंग!" शेषराव ओरडला. अलीकडे तो ओरडूनच बोलायचा.

देवरावला ते पटलंही होतं. एकानं पुढं व्हावं आणि दुसऱ्यानं त्याच्यावर कान ठेवावा, नाही तर दोघं मिळून बुडतील, एवढं त्याला कळत होतं. पण वकील मधे पडले. वरपक्षाचा मान! खुशालराव ठोका देईल, अकोल्यानं ऐकून साथ करायची. झालं. दुपारी शेषरावनं घरी जाऊन पंचफुलाला सगळं सांगितलं.

"डोळे हायेत ना?" पंचफुलानं हातवारे करत सांगितलं. "त्याच्या हाताकडे पाहा."

निघण्याआधी शेषरावनं खुशालला बाजूला घेतलं. "बापू, काठी डोक्याच्या वर उचलून मार. मले मांगून दिसली पायजे."

खुशाल त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "बरं काका," तेही सावकाश, ओठ मोठे करून. शेषरावला तेव्हा ते नुसतं सोयीचं वाटलं.

गोरज मुहूर्त होता. उन्हं कलली तशी वरात निघाली. पुढच्या बँडच्या शेवटच्या रांगेत खुशालची पाठ आणि पाठीवरून वर जाणारी काठी. शेषरावनं तिथं नजर खिळवली ती खिळवलीच. पापणी लवली तर मेलो, असं त्याचं चाललं होतं. काठी वर, काठी खाली, पोटात ठोका. पहिल्याच वळणावर कुणा दिवट्यानं फटाक्यांची माळ पेटवली. खुशालच्या पुढ्यात ठिणग्या उसळल्या, तो दचकून दोन पावलं मागं सरला, काठी क्षणभर थांबली. शेषरावला धरायला ठोका उरला नाही! हात मात्र चालूच राहिला. काठी पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली, आणि तिथून मांडवापर्यंत एकदाही चुकली नाही.

काय वाजला सांगू तो बँड! माड्यांवरून बायका वाकून पाहत होत्या. देवराव मागं वळून हसला. शेषरावच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. जमलं होतं. कोट वाचला होता.

मांडवामागं दोन्ही बँडांना चहा आला. मोरोपंत स्वतः आले. "दोन बँड कसले, एकच वाटला!" ते शेषरावच्या समोरच म्हणाले, म्हणून त्याला समजलं. तीन वर्षांत त्यानं चारचौघांत आपणहून तोंड उघडलं नव्हतं. आज आनंद मावेना.

"शाबास खुशाल!" तो गरजला. "काय घुमला रे बापू तुहा ढोल! वळनानंतर तं अशी धमक आली त्याच्या आवाजाले, का मले नुसती साथ करा लागली!"

 देवरावची बशी तोंडापर्यंत जाऊन थांबली. अमरावतीचे वाजवणारे एकमेकांकडे पाहू लागले. खुशाल मात्र लगबगीनं पुढं झाला. "हो काका, घुमला ना," म्हणाला, आणि भिंतीला टेकवलेल्या आपल्या ढोलासमोर आडवा उभा राहिला.

शेषरावनं त्याला हातानं बाजूला केलं आणि ढोल फिरवला. वाजवायच्या बाजूचं कातडं या कडेपासून त्या कडेपर्यंत फाटलं होतं, कडा करपल्या होत्या. त्यानं आत हात घातला, तो कोपरापर्यंत गेला.

"कवा?"

खुशालनं मान खाली घातली आणि बोट वळणाकडे केलं.

म्हणजे वळणापासून खुशाल नुसती हवेत काठी हलवत होता, मागून येणारा एकच ठोका ऐकून. दोन्ही बँड शेषरावच्याच ढोलावर चालत आले होते. उभ्या आयुष्यात त्यानं इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं, आणि ते समजलं ते असं.

देवराव जवळ आला. त्याचे ओठ हलले, पण स्वतःच्याच डोळ्यांत पाणी असल्यामुळे शेषरावला ते वाचता येईनात. त्यानं कोटाची वरची बटणं सोडायला घेतली.

"जोरानं बोल, देवराव," तो म्हणाला. "मले आयकू येत नाई."

 देवरावनं शेषरावच्या बगलेतली ढोलाची काठी काढून घेतली आणि कोटासाठी हात पुढं केला.