शेवटच्या परिच्छेदातले उंदीर

गिरणी संपाला पंचवीसेक वर्षं झाली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. परळच्या एका संशोधन संस्थेत उंदरांच्या डोळ्यांवर काम चालत होतं. मी त्याची बातमी लिहिली आणि ती रविवारच्या पानावर छापून आली. छापलेल्या बातमीत उंदीर नव्हते. ते कुणी काढले, हे मी गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. पण उंदीर काढले एवढंच सांगायचं असतं, तर लिहायला बसलोच नसतो.

मी तेव्हा शहर वार्ताहर होतो. राहायला डिलाईल रोडवर, जन्मलो त्याच चाळीत. संस्थेतल्या कामाची कुणकुण एका डॉक्टर मित्राकडून लागली आणि मी वेळ ठरवून गेलो. काम डॉ. मीनल तांडेल यांचं होतं. मूळच्या वरळी कोळीवाड्याच्या. बोलणं स्वच्छ, वाक्यं आखूड. एवढं शिकून शेवटी उंदीरच पकडतेस का, असं वाड्यातल्या बायका त्यांना विचारतात, हे त्यांनी पहिल्याच पाच मिनिटांत सांगितलं. सांगून स्वतःच हसल्या आणि मग कामाचं बोलायला लागल्या.

टेबलावर उबदार गादी आणि तिच्यावर पांढरा उंदीर, भूल दिलेला. भूल असताना उंदीर पापणी मिटत नाही, त्यामुळे बुबुळ कोरडं पडून धुरकट होतं. म्हणून एक मुलगी मधूनमधून त्याच्या डोळ्यात थेंब सोडत होती. यंत्रातून एक मंद प्रकाश डोळ्यात जात होता आणि परतणाऱ्या प्रकाशावरून संगणकाच्या पडद्यावर डोळ्यातल्या दृष्टिपटलाचे थर उमटत होते — एकावर एक, पापुद्र्यासारखे. वरच्या थरात मज्जातंतू असतात. काचबिंदूत ते हळूहळू मरतात आणि थर पातळ होत जातो. पूर्वी हे पाहायचं तर उंदीर मारून डोळा कापावा लागे. एक उंदीर एकदाच पाहता यायचा. आता तोच उंदीर दर आठवड्याला पाहता येत होता. रोग कुठे सुरू झाला, कसा पसरला, कुठल्या औषधानं थांबला, सगळं एकाच जिवंत डोळ्यात.

तांडेलबाईंनी मला निघताना थांबवलं. म्हणाल्या, दोन गोष्टी लिहून घ्या. हा कॅमेरा आहे, उपचार नाही. आणि हे सगळं अजून उंदरांत आहे. मी लिहून घेतल्या. त्यांच्यासमोर, स्वच्छ अक्षरात.

संध्याकाळी कचेरीत बसलो आणि पहिलं वाक्य लिहिलं. त्यात 'उंदरांच्या डोळ्यांत' असे शब्द होते. वाक्य वाचलं. बातमी तिथेच ढेपाळली. उंदरांसाठी रविवारचं पान कोण देणार? मी ते शब्द काढले आणि 'प्रयोगशाळेत' असं लिहिलं. उंदीर खाली नेले. आधी दुसऱ्या परिच्छेदात, मग चौथ्यात, मग शेवटच्या. कॅमेराही त्यांच्याबरोबर खाली गेला.

वर्तमानपत्रात काम न केलेल्यांसाठी सांगतो. बातमी महत्त्वाच्या क्रमानं लिहायची असते. वर जे हवंच ते, खाली जे नसलं तरी चालेल ते. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो. वाचत बसत नाही, त्याला तेवढा वेळ नसतो. ही शिस्त पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्या संध्याकाळी पानावर मोठी जाहिरात आली होती. माझी जागा निम्मी झाली होती. आणि हे मला लिहायला बसण्याआधी ठाऊक होतं.

म्हणजे खोटं मी काहीच लिहिलं नाही. उंदीर लिहिले होते. फक्त जिथून ते पडणार, तिथे नेऊन ठेवले. याला काय म्हणायचं? मी बरीच वर्षं याला मांडणी म्हणत होतो.

मथळाही मीच सुचवला. 'अंधत्वावर प्रकाशाची मात.' संपादकांना आवडला.

आता वसंतकाकांचं सांगायला हवं. आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. मूळ गाव कुडाळजवळ, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. संप झाला तेव्हा मी शाळेत होतो. रोज सकाळी काका गॅलरीत उभे राहून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे आणि मजला गोळा व्हायचा. तेव्हा अफवा फार होत्या. उद्या गिरण्या उघडणार, परवा बोलणी, अमुक फुटला, तमुक विकला गेला. कुणी असं काही घेऊन आला की काका विचारायचे, छापून आलंय? नसेल तर चहा पी आणि जा. एकदा मी त्यांना म्हटलं होतं की छापलेलंही खोटं असू शकतं. ते म्हणाले, "आसात. पण छापला म्हणजे कोणीतरी जबाबदारी घेतल्यान."

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. काका गिरणीत परत गेले नाहीत. हिंदमाताला एका साड्यांच्या दुकानात लागले. पुढे तिथे गिऱ्हाईक बाजूनं आलं की त्यांना दिसेनासं झालं, हातगाडीला धडकायला लागले, आणि काकी त्यांना पालिकेच्या रुग्णालयात घेऊन गेल्या. काचबिंदू निघाला. उजवा डोळा जवळजवळ गेलेला होता. डाव्यावर शस्त्रक्रिया करायची ठरली. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं टिकेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तारीखही मिळाली होती.

तोवर काकांचं वाचन सुटलं होतं. रविवारी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. त्याच गॅलरीत. त्या रविवारीही वाचलं — माझीच बातमी, माझ्याच तोंडानं. चारपाच जण ऐकायला होते. कुणीतरी म्हणालं, आपल्या पोराचं नाव आलंय बघ. काकांनी दोनदा वाचायला लावली. मग मान वाकडी करून, उरलेल्या नजरेत मला धरून म्हणाले, "उजेडान होतला तर सुरी कित्याक रे?"

मी म्हणालो, अजून थोडा वेळ लागेल. हेही खोटं नव्हतं, नाही का?

काका तारखेला गेले नाहीत. काकींनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, त्यांना समजावतो. समजावलं नाही. समजावायचं म्हणजे चारपाच जणांसमोर वाचलेली बातमी अर्धी होती असं म्हणायचं. रोज उद्यावर टाकत गेलो.

दरम्यान संस्थेच्या दारात माणसं येऊ लागली. लालबागहून, दादरहून, बाहेरगावाहून. काहींच्या हातात बातमीचं कात्रण होतं. संस्थेनं तांडेलबाईंकडे खुलासा मागितला. वर्तमानपत्रापाशी असले दावे कसे केलेत? त्यांनी मला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही. बातमी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "यात माझे उंदीर कुठे आहेत?"

शेवटच्या परिच्छेदात होते, मी म्हणालो. जागेअभावी कापले.

"कापले जातील हे तुम्हाला माहीत होतं?"

मी नाही म्हणालो.

त्यांनी विश्वास ठेवला. एवढंच नाही, मग तुमचा दोष नाही, असंही म्हणाल्या. खुलाशाला जोडायला माझं दोन ओळींचं पत्र मिळेल का, असं त्यांनी विचारलं. देतो म्हणालो. दिलं नाही, कारण पत्र कचेरीत पोचलं असतं आणि मूळ मजकूर कुणीतरी काढून पाहिला असता, उंदीर मुद्दाम तळाशी नेलेले दिसले असते. बाईंना पुढे पत्रकारांशी बोलायला बंदी झाली आणि प्रकल्पावर दुसरा प्रमुख नेमला गेला. हे मला त्याच वर्षी समजलं होतं.

तुम्हाला वाटेल, संपलं. हेच ते. नाही — इथवरचं मी एकदोनदा, थोडं पुसट करून, मित्रांना सांगितलंही असतं. पुढचं सांगता आलं नसतं.

मी काही करत नाही असं पाहून काकी एक दिवस काकांना घेऊन स्वतःच संस्थेत गेल्या. तांडेलबाईंनी त्यांना बसवलं. हा उपचार नाही, कॅमेरा आहे, तोही उंदरांसाठी, हे समजावून सांगितलं. डाव्या डोळ्याची तारीख चुकवली हे कळल्यावर रुग्णालयात स्वतः फोन करून नवी तारीख मिळवून दिली. ती लवकरची होती. त्या वेळी डाव्या डोळ्याला समोरचं चांगलं दिसत होतं. काका मला रस्त्यावरून ओळखायचे.

त्या संध्याकाळी काकांनी मला खोलीत बोलावलं. काकी आत चहा ठेवत होत्या. काका चिडलेले नव्हते. हिशेब जुळत नसला की माणूस जसा होतो तसे होते. म्हणाले, बाई छापताना एक बोलते आणि समोर एक. अशा बाईनं दिलेल्या तारखेवर डोळा कसा सोपवू? साच्यावर काम केलेला माणूस, धाग्याच्या भाषेत बोलायचा. "धागो तुटलो की साचो थांबता," ते म्हणाले. "डोळ्याचा तसा नाय. तुटत रवता, आणि चलत रवता." मग मला विचारलं — आणि हे वाक्य मी इतकी वर्षं जसंच्या तसं सांभाळलं आहे — "बाईन तुका तसाच सांगल्यान होता ना?"

काय करायचं होतं मला? एक शब्द बोलायचा होता. नाही. बाईंनी तसं सांगितलं नव्हतं. बाई तेव्हाही खरं बोलल्या, आजही खरं बोलल्या. गडबड माझी आहे. उद्या चला, मी बरोबर येतो.

मी म्हणालो, "हो काका. तशाच बोलल्या होत्या."

दाराबाहेर कुणी नव्हतं. घाई नव्हती. मला नीट विचार करायला वेळ होता, आणि मी विचार करून बोललो. काका माझ्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना ते दिसत होतं.

काका नव्या तारखेलाही गेले नाहीत. वाट पाहू म्हणाले, खरं काय ते छापून येईल. मी त्याच वर्तमानपत्रात रोज काही ना काही लिहीत होतो. खुलासा लिहिला नाही. पुढच्या गणपतीत आरतीला त्यांच्या हातात ताट दिलं, तेव्हा त्यांनी ते मूर्तीसमोरून बाजूला, भिंतीसमोर ओवाळलं. कुणीतरी हसलं. रुग्णालयात नेलं तेव्हा डावा डोळाही गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी काकींना विचारलं, इतके दिवस का थांबलात? काकींनी माझं नाव घेतलं नाही. घेण्यासारखं काही त्यांना ठाऊकच नव्हतं.

काका नंतर बरीच वर्षं जगले. रविवारी मी वाचायला जात राहिलो. तांडेलबाईंचं नाव निघालं की ते म्हणायचे, बाईनं शब्द फिरवला. मी पान उलटायचो. ते गेले तेव्हाही त्यांची तीच समजूत होती.

आता माणसांचे डोळे पाहायला तसली यंत्रं रुग्णालयांत सर्रास असतात. हनुवटी टेकवायची, खुणेकडे पाहायचं, झालं. गेल्या महिन्यात माझ्याच डोळ्यांची चित्रं काढली. पडद्यावर तेच थर दिसले. तंत्रज्ञ म्हणाली, जाडी उत्तम आहे. मी घरी न जाता डिलाईल रोडला गेलो.

काकी एकट्याच होत्या. मी सगळं सांगितलं, याच क्रमानं, शेवटच्या 'हो'सकट. त्या तांदूळ निवडत होत्या. हात मध्येच थांबला. त्यांनी एकच विचारलं, ह्या तेंका ठावक होता? नाही, मी म्हणालो. मग सूप बाजूला सरकवून म्हणाल्या, "माका सांगून काय होतला? त्या बाईक सांग आधी."

डॉ. तांडेल निवृत्तीनंतर फणसवाडीत राहतात. पत्ता मिळवला आणि सोमवारी गेलो. दार त्यांनीच उघडलं. मला ओळखलं. आत या म्हणाल्या, पण मी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं — शब्द कुठून कुठे नेले ते, जाहिरातीचं, न दिलेल्या पत्राचं आणि शेवटी काकांना काय उत्तर दिलं ते. त्यांनी मध्ये तोडलं नाही. सांगून झाल्यावर विचारलं, "डावा किती टिकला?"

"त्या गणपतीपर्यंत," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.