स्टाझताईंची भीती

स्टाझताईंइतकं उघडपणे घाबरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. बैठकीची वेळ जवळ आली की त्यांच्या मानेवर तांबडे चट्टे उठायचे. ते झाकायला त्या ऐन उन्हाळ्यातही गळ्याभोवती ओढणी गुंडाळायच्या आणि निघताना मला म्हणायच्या, "अश्विनी, तिथपर्यंत माझ्याबरोबर चाल." मग त्या लांबलचक कॉरिडॉरमधून आम्ही दोघी चालायचो.

रॉटरडॅममधल्या एका व्यावसायिक शिक्षणाच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत बसायचो. शाळा संपवून आलेली मुलंमुली इथे औषधाच्या दुकानातलं, ऑफिसातलं, दवाखान्यातलं काम शिकतात. त्यांना काही महिने खऱ्याखुऱ्या कामाच्या जागी उमेदवारी करावी लागते, तिला डचमध्ये स्टाझ म्हणतात. स्टाझ नाही तर डिप्लोमा नाही. या जागा मिळवून देण्याचं काम ताईंकडे होतं, म्हणून मी त्यांना स्टाझताई म्हणायला लागले आणि त्यांनीही ते चालवून घेतलं. मूळच्या साताऱ्याच्या, नवऱ्याच्या नोकरीमागोमाग इथे आलेल्या, आता वीस वर्षं मुरलेल्या. मी मात्र नवी होते. संगणकाचे तास घ्यायचे. कंत्राट वर्षाचं, आणि देशात राहायचा परवाना नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला.

अवघड फोन करायचा असला की ताई आधी त्याची मराठीत तालीम करायच्या. रिसीव्हर खालीच, आणि ताई भिंतीला सुनावतायत, "अहो, असं कसं म्हणता तुम्ही? काही रीत आहे की नाही?" पोटभर भांडून झालं की पाणी प्यायच्या आणि नंबर फिरवून अतिशय गोड, मऊ डचमध्ये बोलायच्या. मराठीतल्या भांडणातलं एक वाक्यही पलीकडे पोचायचं नाही. मला हसू यायचं. त्याही हसायच्या. "निदान भिंतीला तरी कळलं," म्हणायच्या.

त्या ऑक्टोबरात औषधांच्या दुकानांच्या एका मालकाचा फोन आला. बोलता बोलता टाइप करता यावं म्हणून ताई स्पीकर चालू ठेवत. मालक जुने, दरवर्षी सहा मुली घेणारे. हवापाण्याचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "यंदा मात्र डच मुली पाठवा. माझं काही नाही, पण गिऱ्हाइकांना सवय नसते." ताई म्हणाल्या, "बघते." फोन ठेवला. अर्जांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर इमानचा अर्ज होता, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. तो त्यांनी उचलला आणि गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

मी पाहतेय हे त्यांच्या लक्षात आलं. मालकाला दुखावलं तर सहाही जागा जातील, मग सगळ्याच मुली लटकतील, असं त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मी डबा उघडला आणि जेवायला लागले.

आठवड्याभराने इमान आली. ती याच शहरात जन्मलेली. तिचे आजोबा मोरोक्कोहून बंदरात कामाला आले होते. डोक्यावरचा रुमाल नीट करत तिने 'मेव्राऊ', म्हणजे बाई, अशी हाक मारून अदबीने विचारलं, "माझं नाव तुम्ही पाठवलंत ना?"

ताई खोटं बोलू शकल्या असत्या. पण त्या म्हणाल्या, "नाही." आणि का नाही, तेही सांगितलं. इमान रडली नाही, चिडली नाही. तिने फक्त विचारलं, "मग मी काय बदलू?" ती गेल्यावर ताईंनी त्या दिवशी एकही फोन उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. आमचे टीमप्रमुख मार्टेन मनाने भले गृहस्थ. आमच्या कॉलेजात भेदभाव नाही यावर त्यांचा खरोखर विश्वास होता. कॉरिडॉरमध्ये सगळ्या रंगांच्या हसऱ्या चेहऱ्यांची पोस्टरं त्यांनीच लावून घेतली होती. ताई टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या आणि मालक काय म्हणाले ते त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि मी ते ऐकलं. इमान पहिली नाही. गेली कित्येक वर्षं मी असे अर्ज खाली सरकवत आलेय."

मार्टेननी जपून विचारलं, त्या मालकांना दुसरं काही म्हणायचं असेल का? हा फोन आणखी कुणी ऐकला का? ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं की मी त्यांच्या समोर बसते. माझं कंत्राट जुलैत संपणार होतं. मी म्हणाले, मी पेपर तपासत होते, नीट ऐकू आलं नाही.

परत येताना आम्ही त्याच कॉरिडॉरमधून चाललो. मी शिव्या खायला तयार होते. ताई खोलीच्या दाराशी थांबल्या.

"घाबरलीस ना?" त्या म्हणाल्या. "घाबर. मी काय वेगळं करत होते इतकी वर्षं? पण भीती वाटते म्हणून सांग. ऐकलं नाही म्हणून सांगू नकोस."

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याच्या कंपनीत तेव्हा माणसं कमी करणं चाललं होतं. तो म्हणाला, आपण इथे पाहुणे आहोत, कशाला यात पडतेस. तो चुकीचं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. तरी सकाळी मी मार्टेनच्या दारात जाऊन उभी राहिले. दोन वर्षं घोकलेलं डच त्या क्षणी जिभेवर येईना. मोडक्या आवाजात, इंग्रजीत सांगितलं की मी शब्द न् शब्द ऐकला आहे आणि काल भीतीपोटी खोटं बोलले.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. त्या मालकाचं नाव यादीतून काढलं, तर आणखी दोन दुकानं आपण होऊन गळाली. जागेवाचून बसलेल्या मुलींचे पालक ताईंना बोल लावू लागले. एका सकाळी ताईंच्या टपालाच्या खणात चिठ्ठी निघाली. पटत नसेल तर आपल्या देशात परत जा, एवढंच, सही नाही. अक्षर कुणाचं ते कळलं नाही, पण चिठ्ठी आतल्याच माणसाची होती, कारण टपालाच्या खोलीत बाहेरचं कुणी येत नसे. तेव्हापासून चहाच्या मशीनपाशी गुडमॉर्निंग म्हणणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा मी चोरून वाचायचे. ताई तर भिंतीला पाठ लावून बसायला लागल्या.

आणि तशा बसूनच त्यांनी बुधवारचा प्रघात पाडला. बैठकीच्या सुरुवातीला वीस मिनिटं, आठवड्यात काय ऐकलं आणि त्यावर आपण काय केलं, ते ज्याने त्याने सांगायचं. पहिले तीन बुधवार एकट्या ताईच बोलल्या. "या आठवड्यात मी गप्प बसले," अशी त्यांची सुरुवात असे. चौथ्या बुधवारी औषधशास्त्राच्या हेन्नी नावाच्या बाई, निवृत्तीला आलेल्या, खाली मान घालून म्हणाल्या की अर्जावरच्या फोटोत रुमाल काढा असा सल्ला त्या मुलींना वर्षानुवर्षं देत आल्या होत्या, आणि तो मायेने देतोय असं त्यांना वाटे. त्यानंतर माणसं बोलू लागली. पुढे नियमही झाला: असला फोन आला की तो त्याच दिवशी मार्टेनना कळवायचा आणि निर्णय एकट्याने घ्यायचा नाही. इमानला फेब्रुवारीत एका इस्पितळाच्या औषधविभागात जागा मिळाली. डिप्लोमा सहा महिने लांबला, पण झाला.

शैक्षणिक वर्ष संपताना ताईंनी नोकरी सोडली. न्यूनेन नावाच्या गावी मुलीजवळ राहायला गेल्या. धीर संपला, असं त्यांनी मार्टेनना सरळ सांगितलं. माझं कंत्राट वाढलं आणि त्यांचं काम माझ्याकडे आलं.

मागच्या वसंतात त्या एक दिवस मला भेटायला आल्या. माझ्या घराजवळच्या सुपरमार्केटात आम्ही भाजी घेतली. गल्ल्यावरची बाई ताईंकडे बघून एकदम हसली. "मेव्राऊ! मी जोसलीन. तुम्ही माझ्या स्टाझच्या बाई होता." किती खटपट केलीत माझ्यासाठी, असं ती कौतुकाने म्हणत होती. स्टाझ मिळालीच नाही, शेवटी शिक्षण सोडलं, पण तुमची आठवण येते म्हणाली.

हसून निघून जाता आलं असतं. मी पिशवी उचललीही होती. पण ताईंनी गल्ल्याची कड धरली आणि हळू आवाजात, दोन वाक्यांत, तिचाही अर्ज आपणच तळाशी सरकवला होता हे तिला सांगितलं.

जोसलीन हातातली कोबी तशीच धरून राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, माझं अर्जाचं पत्रच वाईट होतं. मी ते अकरा वेळा लिहिलं."

मागच्या गिऱ्हाइकाने पट्ट्यावर दूध ठेवलं. तिने कोबी पुढे सरकवली आणि पुन्हा आमच्याकडे पाहिलं नाही.

बाहेर सायकलींपाशी ताई थांबल्या. पिशव्या मी घेतल्या. मी म्हणाले, ताई, सांगून निदान हलकं तरी वाटलं असेल.

"नाही वाटलं," त्या म्हणाल्या. "हलकं वाटावं म्हणून थोडंच सांगायचं असतं." आणि मग, "बाकीच्या मुली कुठे असतील, त्यांचा तपास करायला मला मदत करशील? एकटीला भीती वाटते गं."