बापाच्या पायांवर गेलेली

"माझे पाय बाबांवर गेलेत, यात माझा काय गुन्हा?" शेजारची सेइन म्या एकदा मला म्हणाली होती.

आमच्या इन्ले तळ्यात पुरुष होडीच्या मागच्या टोकाला उभे राहतात आणि वल्ह्याला पाय वेढून होडी हाकतात. बायका पुढे बसून हातांनी वल्हवतात. सेइन म्या लहानपणी घराच्या ओट्यावर एका पायावर उभी राहायची, दुसऱ्या पायात बांबू अडकवायची. बाप, ऊ फो थिट, खदखदून हसायचा. "बघा, माझा वाघ!"

तिचा धाकटा भाऊ न्यो लिन तेव्हा आईच्या हातमागाशी बसून विणायला कमळाच्या देठातले तंतू ओढायचा. त्याला बापानं बांबूनंच फोडला. पोरीनं बापाचं सोंग घेतलं तर कौतुक, पोरानं आईचं घेतलं तर वळ. त्या कौतुकालाही मुदत असते, हे तिला कुणी सांगितलं नाही.

ती वयात आली. "आता पुढे बस," आई म्हणाली. ती बसली नाही. मग बापाचं अर्धं अंग लुळं पडलं. तिनं उभ्यानंच होडी हाकत वर्षानुवर्षं मासे आणले, घर जगवलं. तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. भाताचा घास तोंडात असताना कोण घेतो?

यंदा मासा आटला. अख्ख्या तळ्यात आटला, पण तिच्या मामाला कारण तिच्याच घरात सापडलं. गावातली चार म्हातारी माणसं घेऊन तो आला. मलाही शेजारी म्हणून बोलावलं होतं.

"बाई वल्ह्याला पाय लावते. पुरुषाचं तेज जातं त्यानं, म्हणून मासा रुसला. होडी न्योला द्या," मामा म्हणाला.

"मामा, होडीत उभं राहिलं की मला गरगरतं," न्यो लिन पुटपुटला.

"मग आईची बायकी लुंगी नेस, बाळा! बस मागावर!"

सगळे हसले. चहा भुरकत हसले.

सेइन म्या फक्त बापाकडे बघत होती. "बाबा, मला शिकवलं कुणी?"

"खेळ होता गं तो, पोरी. होडी न्योची."

त्या वाकड्या झालेल्या तोंडातून तेवढंच वाक्य सरळ बाहेर पडलं.

न्यो लिन उठला. भिंतीला टेकवलेलं बापाचं वल्हं त्यानं उचललं आणि बहिणीच्या हातात दिलं.

"अरे बायल्या, ठेव ते!" मामा ओरडला.

तिनं वल्हं खांद्यावर घेतलं, माणसांच्या मधून वाट काढली आणि बाहेर जाऊन होडीच्या मागच्या टोकाला उभी राहिली.