वांग्यांच्या ओळीतली इंग्रजी

वानखडे सर गेल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी शेगावला शाळेत इंग्रजीचेच पेपर तपासत होते. आता महिना होत आला, तरी सर आठवले की आधी हसूच येतं... काय करणार, माणूसच तसा होता.

दहावीला मी इंग्रजीत नापास झाले. बाबा फारसे रागावले नाहीत, त्यांनी सरळ येत्या उन्हाळ्यात लग्न उरकायचं ठरवलं. आमच्या वरवट बकाल गावात अशी बातमी लपत नाही. दुसऱ्याच दिवशी शाळेत इंग्रजी शिकवणारे वानखडे सर घरी हजर. ऑक्टोबरच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत पाहुणे बोलावू नका, एवढंच त्यांचं मागणं. बाबांनी कबूल केलं, पण वांग्यांचा तोडा सोडून पोरगी शिकवणीला येणार नाही म्हणाले. सर म्हणाले, "पोरगी येऊन नाही राह्यली, तं शिकवणी वावरात येईन."

रोज सकाळी सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वावरात यायचे. तोडून झालेल्या ओळीत उभं राहून भूतकाळात बोलायचं, तोडा चालू असलेल्या ओळीत वर्तमानकाळात, आणि हात न लागलेल्या ओळीकडे बघत उद्याचं सांगायचं. चुकलं की मागच्या ओळीत परत. मी इतक्यांदा परत गेले की बाबा वैतागले. सर बोलता बोलता स्वतःही तोडायचे, तीही नेमकी कोवळी वांगी, आणि आई कपाळाला हात लावायची. मला आपल्या बोलीची लाज वाटायची. सर म्हणायचे, "'मी तोडून राह्यली' म्हणतं ना? मंग चालू काळ तुले येतेच. आता फक्त इंग्रजीत सांग."

मी पास झाले. लग्न लांबलं ते थेट बी.एड. होईपर्यंत. मी शिकवते त्या शाळेत मात्र नापास झाल्याचं मी कधी कोणाला कळू दिलं नाही.

तेरवीनंतर काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, भेटायला गेले. चार वाजले तशी काकूंनी ओसरीवर सतरंजी टाकली आणि सरांच्या शिकवणीची सात-आठ पोरंपोरी येऊन बसली. मी बघतच राहिले, तर काकू म्हणाल्या, "त्यायनं जातानी सुट्टी देल्ली नाही ना या पोरायले." शेवटी बसलेल्या पोरीचं तोंड पुस्तकाआड होतं. तिचा यंदा दहावीला इंग्रजी विषय राहिला, आता घरचे स्थळ बघताहेत, असं काकूंनी हळूच सांगितलं.

मी जाऊन तिच्या शेजारी सतरंजीवर बसले. म्हटलं, मीपण इंग्रजीत नापास झाले होते. तिने पुस्तक खाली केलं.

"खरंच, मॅडम?"

"हाव. तुह्या बाबाचा नंबर दे."